'आजोबांची शिंगं': आठवीच्या मुलांनी स्वतःचं लेखन तपासलं, त्याच्या नोंदी

माण तालुक्यातली माध्यमिक शाळा. वर्ग आठवी, पट 42, विषय मराठी. मुलांनी आपलं लिखाण आपणच तपासावं आणि आपणच सुधारावं, एवढाच प्रकल्प. या नोंदी मी शाळेच्या डायरीच्या मागच्या पानांवर ठेवत गेले. कुणी हेच करायला घेणार असेल, तर निदान माझे वाया गेलेले तास त्यांना परत घालवायला लागू नयेत.

24 जून 2024

वर्षातलं पहिलं लेखन घेतलं, 'पावसाळ्यातला एक दिवस'. आमच्याकडे पावसाळ्यातला एक दिवस म्हणजे खरोखरच एखादाच दिवस असतो, पण मुलांच्या वहीत मोर नाचत होते, धबधबे कोसळत होते आणि नद्या दुथडी भरून वाहत होत्या. वर्गातल्या बहुतेकांनी धबधबा बघितलेला नाही.

वह्या घरी आणल्या. एका वहीला साधारण सात मिनिटं लागली. 42 वह्यांचे पाच तास झाले. रविवार गेला.

1 जुलै

वह्या परत दिल्या. मुलांनी गुण बघितले, शेजाऱ्याचे गुण बघितले, वही मिटली. एकूण वेळ पन्नास सेकंद.

मग म्हटलं, बघू तरी. सगळ्यांना तोच निबंध दुरुस्त करून पुन्हा लिहायला सांगितला. दहा वह्या घेऊन मोजदाद केली. माझ्या लाल खुणा 131, त्यातल्या दुरुस्त झालेल्या 24, नव्याने झालेल्या चुका 9. एका मुलाने समासातला माझा शेराही निबंधात उतरवला होता: 'झाडे डोलत होती परिच्छेद पाड पक्षी गात होते.' त्याला हसले, मग लक्षात आलं की तो अगदी प्रामाणिकपणे वागला होता. बाईंनी जे लिहिलंय ते उतरवायचं, हेच आम्ही पहिलीपासून शिकवत आलोय.

8 जुलै

निकषपत्रक केलं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन 2010 साली आलं तेव्हापासून आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे वर्षभर वर्गात चालता चालता होणाऱ्या मूल्यमापनाची, आठ साधनं आपल्याला पाठ आहेत. स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन ही दोन्ही आठव्या साधनात, म्हणजे 'इतर' या खात्यात बसतात. आणि 'इतर'चा रकाना आपण मार्चमध्ये स्टाफरूममध्ये बसून भरतो. यंदा तो खरा भरायचा असं ठरवलं.

सहा निकष घेतले: विषयानुरूप आशय, विचारांची सुसंगत मांडणी, परिच्छेदरचना, शब्दसंपत्ती, शुद्धलेखन, सुवाच्य अक्षर. प्रत्येकाला चार गुण. 42 झेरॉक्स, 84 रुपये.

निकाल असा की अडतीस मुलांनी स्वतःला 24 पैकी 21 किंवा त्याहून जास्त दिले. तिघांनी काहीच भरलं नाही. वर्गात ज्या मुलीचं लेखन मला सगळ्यांत चांगलं वाटतं, तिने स्वतःला 11 दिले. म्हणजे पत्रकातून लेखन कळलं नाही. कोण किती भिडस्त आणि कोण किती बिनधास्त, एवढं कळलं.

तास संपताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, सुसंगत म्हंजे?" मी समजावलं. माझं समजावणंही सुसंगत नव्हतं.

16 जुलै

स्वतःला जमत नाही तर शेजाऱ्याला तपासू दे, म्हणून वह्या अदलाबदल केल्या. पत्रक तेच ठेवलं. ही चूक आधीच्या चुकीपेक्षा मोठी निघाली.

मैत्रिणींनी मैत्रिणींना 24 पैकी 24 दिले. सकाळी कबड्डीवरून भांडलेल्या दोघांनी एकमेकांना शून्य दिलं. उरलेल्यांनी फक्त अक्षर बघितलं. एका मुलाचं अक्षर वाईट आहे, त्याला सहाही निकषांत एकेक गुण मिळाला. त्याने ओढ्यात वाहून गेलेल्या चपलेवर लिहिलं होतं आणि मला ते आवडलं होतं. तो दिवसभर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई गेटवर भेटली, रागाने नव्हे, काळजीने. "पोराला लिवताच येत न्हाई का हो बाई?"

आजपासून या प्रकल्पात गुण बंद. उरलेली पत्रकं पाठकोरी म्हणून वापरली.

23 जुलै

गेल्या आठवड्यात बेंदूर, आमच्याकडचा बैलांचा सण, झाला. मुलं अजून त्यातच होती म्हणून तोच विषय दिला, आणि 'माझा आवडता सण' असं शीर्षक द्यायचं मुद्दाम टाळलं. फळ्यावर लिहिलं: 'बेंदराच्या दिवशी सकाळपासून तुम्ही काय काय केलंत?'

आज घसा बसला होता, नाहीतर हे सुचलंच नसतं. मला वाचून दाखवता येईना, म्हणून एकाची वही दुसऱ्याला दिली आणि मोठ्याने वाचायला लावली. ज्याची वही, तो गप्प. वाचणाऱ्याने वाचलं:

"आजोबा बैलांना घेऊन ओढ्यावर गेले. मी त्यांना घासून घासून अंघोळ घातली. मग त्यांच्या शिंगांना हिंगूळ लावला आणि शेंब्या बसवल्या."

वाचणारा 'शिंगांना'वर थांबला. वर्ग एक क्षण शांत झाला आणि मग जो फुटला तो घंटा होईपर्यंत. ज्याची वही होती तो आधी गोंधळला. "मी बैलांचं लिवलंय," असं तीनदा म्हणाला. वही हिसकावून घेतली, वाचली, आणि मग तोही हसायला लागला. त्याने 'त्यांना' खोडून 'बैलांना' लिहिलं, कुणी न सांगता. चौदा वर्षांच्या नोकरीत मी 'सर्वनाम संदिग्ध' असा शेरा कितीदा मारला असेल. त्यावरून काही बदलल्याचं मला आठवत नाही.

घरी येऊन लिहिते आहे. हा मुलगा आधी आपली वही वाचत होता तेव्हा कागदावरचं वाचतच नव्हता. ओढा, बैल, आजोबा हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे होतं आणि तो तेच वाचत होता. शेजाऱ्याच्या डोळ्यांपुढे ओढा नव्हता, फक्त वही होती. गुण देणं, निकष लावणं या सगळ्याच्या आधीची गोष्ट माझ्याकडून राहून गेली होती. मुलाला त्याचं लिखाण आधी ऐकू यायला हवं, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

30 जुलै

तीच पद्धत जोड्या करून लावली. 21 जोड्या एकदम मोठ्याने वाचायला लागल्यावर वर्गाचा बाजार झाला. शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन बघून गेले. दहा जोड्या बाहेर लिंबाखाली पाठवल्या, पाच व्हरांड्यात, सहा आत. पाऊस आला तर काय, हा प्रश्न आमच्याकडे फारसा पडत नाही.

पहिल्या दोन तासांत ठरत गेलेले नियम:

वाचणारा पेन्सिल घेऊन बसतो. अडखळला तिथे रेघ मारतो. काही विचारावंसं वाटलं तिथे प्रश्नचिन्ह काढतो. दोनच खुणा. चूक सांगायची नाही, दुरुस्त करायचं नाही, 'छान' म्हणायचं नाही. लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यांत अवघड गेलं, कारण प्रत्येकाला मधेच "तसं न्हाई रे, माझं म्हणणं असं हाय" सांगायचं असतं. तेव्हा मी म्हणते, "ते मला नको सांगू, वहीला सांग."

लाल पेन पर्समध्ये ठेवलं. हात शिवशिवतो.

वाचनात जे कच्चे आहेत ते सगळीकडेच अडखळतात, मग चांगल्या वहीवरही रेघाच रेघा. अशी सात मुलं आहेत. त्यांच्या जोडीला तिसरा वाचणारा दिला आणि त्यांना ऐकणारा केलं. ऐकणाऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे. त्यातल्या दोघांचे प्रश्न वर्गात सगळ्यांत चांगले निघाले.

13 ऑगस्ट

खुणांना नावं पडायला लागली. मी ठेवली नाहीत. कुणाचं 'त्याने त्याला त्याचं दिलं' असं काही आलं की वर्ग ओरडतो, "आजोबांची शिंगं!" ज्याच्या वहीत आणि-आणि-आणि करत वाक्य अर्धं पान चालतं त्याला 'विनाथांबा' म्हणतात, दहिवडीहून सुटलेली गाडी जणू थेट स्वारगेटलाच थांबणार. 'मज्जा आली', 'खूप आनंद झाला' अशी वाक्यं म्हणजे 'रिकामा डबा'. डबा वाजतो, पण उघडला तर आत काही नाही. आणि कुठल्याही वहीत चिकटवली तरी चालतील अशी छापील वाक्यं म्हणजे 'गाईड'.

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ही चार नावं लिहून फळ्याशेजारी टांगली. प्रत्येकाखाली वर्गातलंच एकेक उदाहरण, ज्याचं त्याला विचारून. बैलवाल्या मुलाला वाटलं आपलं नाव अमर झालं.

माझ्या सहा निकषांपैकी तीन यात आपोआप आले. फरक एवढाच की 'सुसंगत म्हंजे?' असं आता कुणी विचारत नाही.

27 ऑगस्ट

आज वाईट गोष्ट सापडली. पहिला आणि दुसरा खर्डा शेजारी ठेवून बघितले तर दुसरे खर्डे आखूड झालेत. शोधलं, तर प्रश्नचिन्ह पडलं की मुलं ते वाक्यच काढून टाकतात. 'आमची शेळी हरवली' याच्यापुढे शेजारणीने विचारलं, मग सापडली का? दुसऱ्या खर्ड्यात शेळीच गायब. वाक्य नाही, तर प्रश्नही नाही. आपण सगळेच कार्यालयात असंच करतो, पण ते असो.

दोष माझा. सुधारणं म्हणजे काढणं नव्हे, हे मी सांगितलंच नव्हतं. शिवाय वहीत घालायला जागा कुठे होती? मुलं ओळीला ओळ चिकटवून लिहितात, कागद वाचवायची घरची सवय. आता नियम असा की एक ओळ सोडून लिहायचं आणि उजवीकडे चार बोटं समास. प्रश्नचिन्ह आलेलं वाक्य खोडायचं नाही, मोकळ्या ओळीत त्याचं उत्तर लिहायचं.

वह्या दुप्पट वेगाने संपणार, आणि त्या पालकांकडून मागवणं मला बरं वाटेना. शंभर पानी 42 वह्या ठोक दुकानातून 22 रुपयांनी आणल्या, 924 रुपये. पेन्सिलींचे दोन डबे 110 रुपये.

शेळी परत आली. काटवनात अडकली होती, आणि शोधायला आई रात्री बॅटरी घेऊन गेली होती. पाच नव्या ओळी, आणि त्या पानावरच्या सगळ्यांत चांगल्या.

19 सप्टेंबर

गणपतीनंतर शाळा भरली ती तपासणीनेच. वह्या उघडल्या गेल्या आणि विचारणा झाली, "लाल खुणा कुठे आहेत? तपासलेल्या नाहीत?" पेन्सिलीच्या रेघा दाखवल्या. त्यात शुद्धलेखनाच्या ढळढळीत चुका तशाच होत्या. "बाई, 'विहीरीत' दीर्घ ठेवलंय मुलीने, आणि त्याखाली तुमची सही आहे."

बोलणं लागलं, कारण खरं होतं. आधी अर्थ, मग शुद्धलेखन, असं ठरवून मी शुद्धलेखन तीन महिने बाजूला ठेवलं होतं. ते फार झालं. सहा आठवडे पुरे होते.

आता केलेली सोय: वहीच्या शेवटच्या पानावर 'माझे पाच शब्द'. ज्याचे त्याचे वेगळे. वर्गासाठी एकच नियम घेतला, कारण आमच्या मुलांच्या लिखाणात विहीर, जमीन, मशीन, गरीब हे शब्द सारखे येतात: विहीर, पण विहिरीत. जमीन, पण जमिनीत. गरीब, पण गरिबाला. फूल, पण फुलाला. प्रत्यय लागला की आधीची वेलांटी किंवा उकार ऱ्हस्व होतो. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांतला हा एकच नियम पक्का झाला तर निम्म्या चुका जातील असा माझा हिशेब.

तपासायची रीत अशी की शेवटच्या शब्दापासून उलटं, एकेक शब्दावर पेन्सिल ठेवत पहिल्या शब्दापर्यंत यायचं. उलट वाचलं की अर्थ लागत नाही, त्यामुळे डोळा शब्दावरून घसरत नाही. याला दहा मिनिटं लागतात आणि मुलांना ते आवडत नाही. मलाही आवडत नाही. पण होतं.

सहीच्या जागी आता मी 'स्वयंमूल्यमापन झाले' असं तारखेसह लिहिते. रंग लाल. सगळ्यांचं समाधान.

27 सप्टेंबर

नियम फारच पक्का झाला. आठ मुलांनी 'शरिरात' लिहिलंय, सहा जणांनी 'परिक्षेला'. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला अपवाद, शरीर-शरीरात, गीत-गीताला, परीक्षा-परीक्षेला, हे सांगायचं मी विसरले. तत्सम म्हणजे काय हे पुन्हा समजावण्यापेक्षा अशा दहा शब्दांची यादी कॅलेंडरखाली टांगली, वर लिहिलं: 'यांना हात लावू नये.' शास्त्रीय नाही. चालतंय.

7 ऑक्टोबर

3 तारखेला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. शाळेत कार्यक्रम झाला, आणि 'अभिजात मराठी' या विषयावर लिहून आणायला सांगितलं गेलं. आलेल्या 39 निबंधांपैकी 34 मोबाइलवरून उतरवलेले. एकाच ठिकाणाहून, कारण एक विचित्र टंकनचूकही 34 वेळा आली होती.

रागावण्यात अर्थ नव्हता. घरात कुणालाच 'अभिजात' शब्द माहीत नसेल तर मूल दुसरं काय करणार? वेगळा प्रयोग केला. आपल्या निबंधातलं जे वाक्य दुसऱ्या कुणाच्याही वहीत असू शकेल, ते पेन्सिलीने हलकं खोडायचं. मोठ्याने एकेक वाक्य वाचायचं, कुणी "माझ्यात पण हाय" म्हटलं की खोड. वीस मिनिटांत बहुतेकांची पानं संपली. वर्गात जरा भीतीच पसरली.

धनगरवाडीवरून येणाऱ्या एका मुलाचं एक वाक्य उरलं: 'माझी आज्जी अंगठा लावती पण तिला जात्यावरच्या लई ओव्या येत्यात.' ते त्याने कुठे लिहिलं होतं? शेवटी, पान भरावं म्हणून. त्याला म्हटलं, आता याच वाक्यापासून सुरू कर. त्याने दीड पान लिहिलं. ओव्या कुणी शिकवल्या, गिरणी आल्यावर जातं कुठे गेलं, ओवी म्हणताना आज्जी मधेच का थांबते. 'अभिजात' हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

बाकीच्यांपैकी पंधरा-सोळा जणांना तेवढंही वाक्य सापडलं नाही. मी त्यांना घरातल्या कुणाला तरी एक प्रश्न विचारून यायला सांगितलं. निम्मे विसरले.

25 ऑक्टोबर

पहिली संकलित, म्हणजे सत्राअखेरची परीक्षा झाली, पेपर तपासले. आठवीला आकारिक 40 आणि संकलित 60, म्हणजे जड पारडं इथलंच. आणि इथेच आपटले.

वहीत जी मुलं सुधारली होती त्यातल्या कितीतरी जणांनी पेपरात 'विनाथांबा' वाक्यं लिहिलीत, 'रिकामे डबे' वाजवलेत. बैलवाल्याने पुन्हा 'त्यांना त्यांचे' केलंय. दिवसभर डोकं भणभणलं. संध्याकाळी कळलं की परीक्षेत शेजारी नसतो. मी जे शिकवलं ते दोघांनी मिळून करायचं काम होतं. एकट्याने कसं करायचं, यावर एकही तास दिला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत यावर विचार करायचा. आधी फराळ.

26 नोव्हेंबर

महिन्यात काहीच झालं नाही. दिवाळी, मग विधानसभेची निवडणूक. प्रशिक्षणं, 20 तारखेचं मतदान, आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम. मोजले तर मराठीचे अकरा तास गेले. दोन मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलीत, पट आता 40.

सुट्टीनंतर एक फायदा न मागता मिळाला. ऑक्टोबरातल्या वह्या उघडल्या तेव्हा मुलं स्वतःचं लिखाण परक्यासारखी वाचत होती. "बाई, हे मी लिवलंय? मला काय म्हणायचं हुतं?" महिनाभराने मनातला ओढा आटलेला असतो, मग कागदावर काय आहे ते दिसतं. शेजाऱ्याचं काम वेळाने केलं. परीक्षेत महिना मिळत नाही हे खरं, पण वर्गात इतकी घाई कशाला? आता लेखन झालं की वही कपाटात, आठ दिवसांनी बाहेर. पहिल्यांदा तीन दिवस ठेवून बघितलं होतं, ते पुरत नाहीत.

एकट्याने करायची रीत: एका कानावर तळहात घट्ट धरायचा आणि कुजबुजत वाचायचं. भजनातले बुवा धरतात तसा. आपलाच आवाज जरा वेगळा, बाहेरचा वाटतो. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आलाप घेतले आणि तास गेला. दुसऱ्या दिवशी जमलं.

3 डिसेंबर

काल म्हसवडला सिद्धनाथाचा रथ होता. वर्गात अकरा जण. आज सगळे आले, अंगाला अजून गुलाल, आणि सगळ्यांना सांगायचं होतं. अर्थात लिहायला दिलं.

एका मुलीने पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं: 'आज्जी म्हणली, हात सोडू नगंस, रथापुढं मानूस मानसाला वळखत न्हाई.' कुजबुजून वाचल्यावर तिनेच ते सुधारलं: 'आजी म्हणाली, माझा हात सोडू नकोस, कारण रथासमोर खूप गर्दी असते.' तिला वाटलं, पहिलं अशुद्ध आहे. अगदी शुद्ध झालं आणि आज्जी त्यातून निघून गेली.

हा प्रश्न मी जूनपासून टाळत होते. आमची मुलं 'गेलतो', 'आलतो', 'केलतं' बोलतात. ते चूक म्हणून लाल करायचं की नाही? आज ठरवून टाकलं आणि कॅलेंडरवर लिहिलं: माणूस बोलतो ते तो बोलेल तसं लिहायचं. अर्ज, पत्र, बातमी हे पुस्तकातल्यासारखं. अनुभव लिहिताना मधलं जमेल तसं. पेपर तपासणारा दुसरा कुणी असेल तर काय, असं एकाने विचारलं. अवतरणचिन्ह नीट घाल, म्हणजे तो समजून घेईल, असं सांगितलं. सगळे समजून घेतील याची खात्री मला नाही.

तिला पहिलं वाक्य परत घालायला लावलं. फक्त 'मानूस'चा 'माणूस' करावा का, यावर आम्ही दोघी अडलो. तसंच ठेवलं.

9 जानेवारी 2025

पालकसभेची सूचना मी फळ्यावर लिहिली: 'पालकांनी पाल्यासह उपस्थित राहावे व त्यांच्या प्रगतीविषयी शिक्षकांशी बोलून त्यांची स्वाक्षरी घ्यावी.' उतरवून घेता घेता दुसऱ्या बाकावरची मुलगी उठली. "बाई, सही कुणाची? शिक्षकांची, का पालकांची, का आमची?" आणि मागून अपेक्षित घोषणा झाली. सूचना पुसून पुन्हा लिहिली.

28 जानेवारी

कानावर हात आणि उलटं वाचन मिळून सराव चाचणी घेतली. 35 मिनिटं लेखन, शेवटची सात मिनिटं पेन खाली, हातात फक्त पेन्सिल. सात मिनिटं मी मोजून ठरवली. पाचमध्ये पान पुरं होत नाही, दहा दिली की मुलं नवीन परिच्छेद लिहायला लागतात.

40 पेपरांपैकी 29 जणांनी सात मिनिटांत निदान तीन ठिकाणी खरोखर काहीतरी बदललंय. सहा जणांनी नुसतं अक्षर गिरवून ठळक केलं. पाच जण खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यातल्या एकाचं लेखन मुळातच नीट होतं.

20 फेब्रुवारी

या वर्षापुरतं लेखनाचं काम इथे थांबतं. पुढचे दिवस मराठी भाषा दिनाच्या तयारीत आणि मग परीक्षांत जातील.

खर्च: झेरॉक्स 84, वह्या 924, पेन्सिली 110, खोडरबर 60, एकूण 1178 रुपये. झेरॉक्सचे 84 पूर्ण वाया. वेळ: वर्गातले साधारण 40 तास, त्यातले पहिले सहा फुकट. घरी वह्या तपासायचा वेळ मात्र पाच तासांवरून दीड तासावर आला, कारण आता मी फक्त रेघांच्या जागा आणि त्याखालची नवी ओळ बघते.

पुन्हा केलं तर निकषपत्रक अजिबात काढणार नाही. पहिल्या आठवड्यापासून एक ओळ सोडून लिहायला लावेन. शुद्धलेखन ऑगस्टमध्ये सुरू करेन आणि अपवादांची यादी नियमाबरोबरच टांगेन. एकट्याने वाचायचा सराव दिवाळीआधी. यंदाची नावं पुढच्या आठवीला देणार नाही. 'आजोबांची शिंगं' त्यांना नुसता एक नियम वाटेल, त्यांची काहीतरी वेगळी शिंगं निघतील.

मूल्यमापनात प्रत्येक मुलाविषयी लिहायच्या वर्णनात्मक नोंदी या वेळी तयार पुस्तकातून उतरवल्या नाहीत. 'लेखन सुवाच्य करतो' असं लिहिण्याऐवजी ज्याची त्याची एक रेघ आणि तिच्याखालची दुरुस्त ओळ लिहिली. एका नोंदीला चार मिनिटं लागतात.

एक काम जमलं नाही. जुलैमध्ये स्वतःला 11 देणारी मुलगी अजून तशीच आहे. तिला सगळीकडेच रेघा दिसतात. शेजारणीने रेघ मारली नाही तरी ती स्वतः मारते, लिहिते, खोडते, परत लिहिते. कुजबुजत वाचायला लागली की तिची सात मिनिटं पहिल्या परिच्छेदातच संपतात. बाकीच्यांना दोष बघायला शिकवण्यात वर्ष गेलं, आणि तिला कुठे थांबायचं ते मी शिकवू शकले नाही. परवा तिच्या पानावर सतरा रेघा होत्या. मी दोनदा वाचलं, मला दोनच सापडल्या. उरलेल्या पंधरा तिच्याशेजारी बसून खोडरबरने पुसायला लागलो, तेवढ्यात घंटा झाली. नऊ राहिल्यात.